पाटा कुठून तुटला?

महामार्गावरच्या गावाला जसा पंक्चरवाला लागतो तसा कमानीवाला, म्हणजे गाडीचे वजन आसावर तोलणारे पोलादी पाटे बसवणाराही लागतो. पांढुर्णा तर नागपूर-बैतूल-भोपाळ रस्त्यावरचे गाव, आणि संत्र्याची मंडी. सौंसर छिंदवाडा-सावनेर रस्त्यावर. तिथे बोरगावची औद्योगिक वसाहत आणि आजूबाजूला मँगनीजच्या खाणी. 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा या दोन गावांभोवती उभा आहे, आणि दोन्हीकडचा माल ट्रकच्या पाट्यांवर तोलला जातो.

गाडी जॅकवर चढली, तुटलेला पाटा बाहेर आला की वाद ठरलेला. मालकाच्या मते ड्रायव्हरने गाडी खड्ड्यात घातली. ड्रायव्हरच्या मते वजन जास्त होते. मग दोघांचे एकमत होऊन बोट दुकानदाराकडे वळते: ‘भाऊ, पाटाच हलका देला तुम्ही.’ तिघेही तुटण्याच्या क्षणाबद्दल बोलत असतात. पाटा मात्र बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी तुटायला लागलेला असतो.

तुटलेले तोंड उजेडात धरले तर ते दिसते. एका कडेला काळपट, गंजलेला, बऱ्यापैकी गुळगुळीत डाग. उरलेला भाग चमकदार आणि खरबरीत. काळा डाग म्हणजे जुनी चीर, हळूहळू आत सरकलेली. चमकदार भाग शेवटच्या दणक्यात गेला. काळा भाग मोठा आणि चमकदार चिमूटभर असेल, तर पाट्याने निमूट बराच काळ ओझे वाहिले. काळा डाग नखाएवढा आणि बाकी सगळे ताजे, तर वजन भलतेच होते. वादाचा निम्मा निकाल इथेच लागतो, पण तोंड बघण्याआधीच जुना पाटा भंगारात फेकला जातो.

धातू थकतो हे रेल्वेने शिकवले. 1842 मध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडून मोठा अपघात झाला. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी वर्षानुवर्षे आस फिरवून दाखवले की एका झटक्यात जे वजन लोखंडाला काहीच करत नाही, तेच लाखो वेळा दिले तर लोखंड मोडते. ट्रकच्या पाट्याचे हेच. भरलेली गाडी सेकंदाला साधारण दोनदा वरखाली होते असे धरू. ताशी साठच्या वेगाने किलोमीटरला एक मिनिट, म्हणजे एकशेवीसच्या आसपास झोके. पांढुर्ण्याहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर. एका खेपेत बारा हजार. यातले बहुतेक झोके निरुपद्रवी, आयुष्य खातात ते मोठे. म्हणून ‘कमानी किती किलोमीटर चालते?’ या प्रश्नाला आकड्यात उत्तर नाही. त्याच कंपनीचा तोच सेट संत्र्याच्या गाडीत एक वागतो आणि खनिजाच्या गाडीत दुसरे.

वजनाचा हिशेब तर फार निर्दय. 2018 मध्ये केंद्राने चार टायरांच्या एका आसाची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन केली. वाढ आठव्या हिश्श्याची. पण तेवढ्या वाढीने त्याच पाट्याचे आयुष्य आठव्या हिश्श्याने नव्हे, त्याहून बरेच जास्त घटते. त्या मापाने पाटेही जाड हवेत. मर्यादेच्या वर भरणाऱ्याला 2019 पासून वीस हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. दंड चुकवता येतो, चीर चुकवता येत नाही.

पण सगळे खापर वजनावर फोडणे मला पटत नाही. पाटा कुठे तुटला ते आधी बघावे. मधल्या बोल्टच्या भोकातून तुटला असेल, तर पहिला संशय ढिल्या यू-बोल्टवर, म्हणजे पाटे आसाला आवळून धरणाऱ्या बोल्टवर. यू-बोल्ट घट्ट असतील तर मधला भाग वाकतच नाही. ढिले झाले की सगळा ताण त्या भोकावर येतो. नवा सेट बसवल्यावर पाटे एकमेकांवर बसतात, बोल्ट सैल पडतात, म्हणून थोडे अंतर चालवून ते पुन्हा आवळायचे असतात. हे काम पाना आणि अर्ध्या तासाचे, आणि नेमके तेच राहून जाते. डोळ्यापाशी, म्हणजे पिन-बुश बसते तिथे तुटला, तर झिजलेले बुश किंवा कोरडी पिन तपासावी. सौंसरहून छिंदवाड्याकडे सिल्लेवानी घाट लागतो. तो उतरताना ब्रेक दाबला की वजन पुढे सरकते आणि पुढचे पाटे पिळले जातात. मुख्य पाटा नुसता झोके घेत नाही, आस जागेवर धरण्याचे कामही तोच करतो. तो डोळ्याशी तुटला तर आस सुटू नये म्हणून दुसऱ्या पाट्याचे टोक अनेक गाड्यांत त्या डोळ्याभोवती वळवलेले असते.

उरलेली कारणे बारीक, पण खोडसाळ. गंजाचा खड्डा, हातोड्याचा वण, दोन पाटे घासून पडलेला चट्टा. चीर वरच्या, ताण खाणाऱ्या बाजूला अशाच जागेवरून निघते. म्हणून कारखान्यात त्या बाजूवर पोलादी छर्ऱ्यांचा मारा करतात. कातडी आतून दाबलेली राहते आणि चिरेला तोंड फुटायला वेळ लागतो. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग मारणे हा मात्र शुद्ध अडाणीपणा. जवळपास 900 अंशांवर तापवून, तेलात विझवून, मग चारपाचशे अंशांवर मऊ करून आणलेला गुण वेल्डिंगच्या ठिणगीत जातो, आणि शिवणीशेजारी ठिसूळ पट्टा तयार होतो.

या पोलादात सिलिकॉनबरोबर मँगनीज लागते, साधारण शंभर किलोत एक किलो. देशातल्या महत्त्वाच्या मँगनीज पट्ट्याचे खडक भूगर्भशास्त्रात ‘सौंसर’ याच नावाने ओळखले जातात. खाणीतून खनिज भरून निघालेल्या गाडीच्या पाट्यांत मँगनीज आधीच असते. ते कुठल्या खाणीचे, हे विचारायला कोणी जात नाही.

तुटलेला पाटा किलोवर विकला जातो. लोहार तो घेतो, कारण असे पोलाद त्याला एवढ्या स्वस्तात दुसरीकडे मिळत नाही. भात्यावर लाल करून, ठोकून, पाणी देऊन त्याचा कोयता किंवा कुऱ्हाड होते. फक्त तुकडा निवडताना चीर गेलेले टोक आधी छाटून टाकावे लागते.