पेटी तापट की आपला हात जड? परसातल्या मधमाश्यांचा स्वभाव ओळखायचा कसा

खानापूर : गेल्या श्रावणातली गोष्ट. चार दिवस संततधार पाऊस होता. पाचव्या दिवशी संध्याकाळी जरा उघडीप मिळाली म्हणून परसातली एक मधपेटी उघडली. पाच मिनिटांत माश्या अंगावर आल्या आणि कुंपणापलीकडे खेळणाऱ्या शेजारच्या पोराला तीन डंख बसले. रात्री त्याचे वडील दारात. "पेटी हलवा, नाहीतर आम्हालाच काहीतरी करावं लागेल," म्हणाले. त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही. पण पेटीचं तरी चुकलं होतं का?

जांबोटी भागातल्या एका जुन्या मधपाळ काकांना फोन केला. त्यांनी डंख किती ते विचारलंच नाही. "किती वाजता उघडलीस? आणि पाऊस कधी थांबला होता? माशीला दोष द्यायच्या आधी दिवस कसला होता ते सांग," म्हणाले.

माशीचा त्या दिवसाचा राग वेगळा आणि वसाहतीचा मूळ स्वभाव वेगळा. हा फरक कळला नाही तर चांगली पेटी हकनाक जाते, नाहीतर खरोखर तापट पेटी वस्तीत राहते आणि कुणाच्या तरी अंगाशी येते.

आधी माशी कोणती ते बघा

माश्यांनी हल्ला केला, लोक पळाले, अशा बातम्या आपण वाचतो त्या बहुतेक आग्या माशीच्या असतात. ती उंच झाडावर, इमारतीच्या छज्जाखाली उघड्यावर एकच मोठं पोळं करते. पेटीत ती राहत नाही. आपल्याकडे परसात पाळतात ती सातेरी. काही जण मेलिफेरा ही परदेशी माशीही पाळतात. सातेरी मुळात नरम, पण घाबरट. चौकट उचलली की ती पोळ्यावर सैरावैरा धावते, खालच्या कोपऱ्याला घोस करून लोंबते, एकदम 'सुस्स' असा आवाज काढते. नवख्याला हा राग वाटतो. पण नुसतं धावणं म्हणजे राग नव्हे. अंगावर येणं आणि पाठलाग करणं, हा राग.

दिवस वाईट की वसाहत वाईट?

पुढच्या गोष्टींनी नरम पेटीही तापते :

- पाऊस, ढगाळ हवा, जोराचा वारा, संध्याकाळ. रानात जाणाऱ्या वयस्क माश्या अशा वेळी घरातच असतात आणि डंख मारण्यात त्याच पुढे.
- फुलोरा नसणं. जांभूळ फुललं की माश्या कामात गुंग असतात. भर पावसाळ्यात बाहेर काही मिळत नाही आणि साठा राखायचा असतो.
- चोरी. साखरेचा पाक सांडला की दुसऱ्या पेटीच्या माश्या लुटायला येतात आणि दारात मारामारी जुंपते.
- राणी नसणं. अशा पेटीतून एकसुरी, कण्हल्यासारखी गुणगुण येते.
- मुंग्या, गांधीलमाश्या, मेणकिडा यांचा त्रास.
- आपण स्वतः. काळे कपडे, अत्तर, घामाचा वास, दारासमोर उभं राहणं, चौकट आपटणं. सातेरी राळ लावत नाही, त्यामुळे झाकण सहज निघतं. तरीही धक्का बसला, तर तो आपल्या हाताचा.

माझ्या पेटीच्या बाबतीत यातल्या पहिल्या दोन गोष्टी जुळल्या होत्या. उरलेलं माझ्या घाईनं केलं.

उघडताना काय बघायचं

ऊन असलेला दिवस, सकाळी दहा ते दुपारी एकची वेळ. तोंडावर जाळी हवीच. पेटीच्या बाजूला उभं राहून आधी दोन मिनिटं दार बघा. पहारेकरी माश्या येणारीला हुंगून सोडतात की आल्यागेल्यावर झेपावतात? मग दारातून धुराचे एक-दोन हलके झोत द्या. धुरामुळे इशाऱ्याचा वास झाकला जातो आणि माश्या मध पिऊन घेण्याच्या मागे लागतात. धूर जास्त झाला तर सातेरी बिथरते, पेटी सोडूनही जाते.

झाकण काढल्यावर आवाज ऐका. सुस्कारा येऊन विरला तर ठीक. आवाज चढत गेला, माश्या जाळीवर टपाटप आपटू लागल्या, तर पेटी बंद करा. शेवटी पेटीपासून चालत दूर जा आणि पावलं मोजा. दहा-पंधरा पावलांत माश्या परतल्या तर चिंता नाही. घराच्या दारापर्यंत पिच्छा सोडत नसतील, तर ती खूण गंभीर.

वही घाला

कॉमर्स शिकलेल्या माणसाला एवढं तरी यावं. तारीख, वेळ, हवा, फुलोरा, डंख, पाठलाग किती पावलं, असे रकाने पाडा. एका नोंदीवर निकाल देऊ नका. निदान पाच-सहा वेळा बघा, आणि त्याच दिवशी शेजारची दुसरी पेटीही उघडा. दोन्ही तापल्या तर दोष दिवसाचा. चांगल्या दिवशीही एकच तापत असेल, तर दोष तिचा.

तापट ठरली तर

स्वभाव राणीकडून आणि तिच्याशी मिलन झालेल्या नरांकडून येतो. म्हणून उपाय राणी बदलण्याचा. जुनी राणी काढून नरम पेटीतली अंड्यांची चौकट द्यायची, माश्या नवी राणी तयार करतात. भर पावसाळ्यात मात्र हे करू नका, मिलनाला नर हवेत. नवी राणी अंडी घालायला लागेपर्यंत साधारण महिना, आणि जुन्या माश्या संपून नव्या भरेपर्यंत अडीच-तीन महिने जातात. तोवर पेटी वस्तीत ठेवू नये. रात्री दार बंद करून किमान तीन किलोमीटर लांब न्यावी, नाहीतर माश्या जुन्या जागी परततात.

डंख बसला तर

काटा लगेच काढा, नखानं खरवडा किंवा ओढा, पण उशीर नको. काटा सुटून आला तरी विषाची पिशवी विष सोडत राहते. डंखाला पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो आणि त्यावर इतर माश्या येतात. म्हणून आधी तिथून दूर व्हा, मग जागा धुवा. श्वास लागणं, तोंड सुजणं, अंगभर गांधी उठणं, चक्कर येणं यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपायात वेळ न घालवता थेट दवाखाना.

दिवाळीपर्यंत माझ्या वहीत सहा नोंदी झाल्या. जिच्यावर आळ आला ती एक नंबरची पेटी पुढच्या साऱ्या नोंदींत शांत. दोन नंबरची, जिच्यावर कुणाचा संशय नव्हता, तिनं सहापैकी चार वेळा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पिच्छा केला. ती मित्राच्या काजूच्या बागेत गेली. शेजाऱ्यांना वही दाखवली, त्यांनी ती नीट वाचली. एक नंबरची पेटी राहिली, तिच्यासमोर उंच कूड घातला, म्हणजे माश्या डोक्यावरून उडतात. आणि पेटी उघडायच्या आधी त्यांना फोन करायचा, हे ठरलं. तो फोन मी श्रावणातच करायला हवा होता.