साइटवरचे चलन सर्व्हरपर्यंत

बांधकाम कंपनीच्या एका साइटवरून दुसऱ्या साइटवर माल जातो तेव्हा विक्री होत नाही, पैशांची देवघेव होत नाही. एका स्टोअरमधून माल वजा होतो, दुसऱ्यात जमा होतो. सॉफ्टवेअरमध्ये या हालचालीची जी नोंद होते तिला ‘मटेरियल ट्रान्सफर’ म्हणतात. तिच्यात मालाचा प्रकार, परिमाण, दोन्ही साइटची नावे, गाडी क्रमांक आणि तारीख असते. हे सगळे कोणीतरी टाइप केलेले असते. त्यामुळे आकडा खरा कशावरून, या प्रश्नाचे उत्तर नोंदीत नसते. ते मिळते नोंदीला जोडलेल्या फाइलींतून: चलन, काटापावती, गाडीचा फोटो, सळयांचे चाचणी प्रमाणपत्र.

समजा, पनवेलच्या साइटवरून चाकणला १६ मिलिमीटर व्यासाच्या, १२ मीटर लांबीच्या ५०० सळया निघाल्या. व्यासाच्या वर्गाला १६२ ने भागले की दर मीटरचे वजन किलोत मिळते, हे सूत्र प्रत्येक स्टोअरकीपरला पाठ असते. त्यानुसार एका मीटरला १.५८ किलो, म्हणजे ५०० सळयांचे सुमारे ९.४८ टन. पण आयएस १७८६ हे भारतीय मानक या व्यासाच्या सळयांच्या वजनात ५ टक्के कमीजास्त चालवून घेते. सळया मोजून पुऱ्या भरल्या तरी काट्यावर जवळजवळ अर्ध्या टनाचा फरक दिसू शकतो, आणि कोणी काहीही चोरलेले नसते. नोंदीत नुसते ‘९.४८ टन’ असेल तर हा आकडा हिशेबाचा की काट्याचा, हे महिन्याभराने कोणालाच सांगता येत नाही. काटापावतीचा फोटो सोबत असला तर वाद तिथेच मिटतो.

कायद्यालाही कागद हवाच असतो. वस्तू व सेवा कराच्या ५५ व्या नियमानुसार विक्री नसतानाही माल हलवायला डिलिव्हरी चलन लागते. माल ५० हजार रुपयांहून अधिक किमतीचा असेल तर ई-वे बिलही लागते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख रुपये आहे. वरच्या उदाहरणातल्या सळया ती सहज ओलांडतात.

मोबाइल ॲपवरून किंवा कंपनीच्या हिशेबाच्या प्रणालीतून हे कागद बांधकाम सॉफ्टवेअरमध्ये पोहोचतात ते एपीआयमार्फत. ठरलेल्या पत्त्यावर, ठरलेल्या मांडणीत मागणी पाठवायची आणि तशाच मांडणीत उत्तर घ्यायचे, असा हा दोन प्रणालींमधला करार. नोंद पाठवणे सोपे असते, कारण ती जेसन या मांडणीतला काहीशे अक्षरांचा मजकूर असते. फोटो मात्र काही मेगाबाइटचा असतो आणि त्यातले बाइट मजकूर नसतात. ते जेसनमध्ये जसेच्या तसे घालता येत नाहीत.

त्यावर एक जुना उपाय म्हणजे बेस-६४. यात दर ३ बाइटांची ४ छापील अक्षरे केली जातात. फाइल मजकुरात बसते, पण एक तृतीयांशाने फुगते: ६ मेगाबाइटचा फोटो ८ चा होतो. तळघरात जेमतेम नेटवर्क मिळणाऱ्या मोबाइलला ही वाढ परवडत नाही. दुसरा मार्ग ‘मल्टिपार्ट’. ब्राउझरमधून फाइल पाठवण्यासाठी झेरॉक्स कंपनीच्या लॅरी मॅसिंटर आणि अर्नेस्टो नेबेल यांनी १९९५ मध्ये तो मांडला. त्यात एकाच मागणीचे अनेक भाग करून प्रत्येक दोन भागांमध्ये एक सीमारेषा, म्हणजे सहसा आपोआप निवडलेली अक्षरमाला, घालतात. कोणती अक्षरमाला निवडली ते मागणीच्या शीर्षकात सांगावे लागते. नवख्या प्रोग्रामरचे घोडे हमखास इथेच अडते: तो शीर्षक हाताने लिहितो, सीमारेषा द्यायची राहते आणि सर्व्हरला फाइल कुठे सुरू होते तेच कळत नाही.

मोठ्या फाइलींसाठी आता दोन टप्प्यांची पद्धत रूढ आहे. ॲप आधी एपीआयकडे जागा मागते. एपीआय त्याला साठवणुकीच्या सर्व्हरचा थोड्या वेळापुरता चालणारा पत्ता देते, साइटवरच्या मुदतीच्या गेट पाससारखा. फाइल थेट तिकडे जाते. मग दुसरी मागणी करून त्या फाइलीचा क्रमांक ट्रान्सफरच्या नोंदीत लिहावा लागतो. खरी जोडणी होते ती या दुसऱ्या मागणीने. ती राहून गेली तर फाइल सर्व्हरवर असते, पण कोणत्याच नोंदीची नसते. अशा पोरक्या फाइली ठराविक मुदतीने पुसून टाकल्या जातात आणि स्टोअरकीपर मात्र ‘अपलोड झाले होते’ असे शपथेवर सांगत राहतो. त्याचे म्हणणे खोटेही नसते.

नेटवर्क मध्येच तुटले तर उलट घोटाळा होतो. फाइल जोडली गेली, पण उत्तर परत आले नाही. ॲपने पुन्हा पाठवली आणि एकाच नोंदीला दोन काटापावत्या लागल्या. वेबवरच्या मागण्या ज्याने चालतात त्या एचटीटीपीच्या नियमांत ‘पोस्ट’ प्रकारची मागणी दोनदा केली तर परिणाम एकदाच होईल अशी हमी नाही. म्हणून चांगली एपीआय प्रत्येक नव्या जोडणीसोबत एक वेगळा ओळखक्रमांक घेते आणि पुन्हा पाठवताना तोच क्रमांक आला तर नवे काही न करता जुनेच उत्तर परत देते. ही सोय नसलेल्या एपीआयवर माल-हिशेब सोपवणे धोक्याचे आहे.

फाइल आली म्हणून ती पुरावा ठरत नाही. मोबाइल कॅमेरा फोटोच्या फाइलीतच तो काढल्याची वेळ लिहितो आणि परवानगी असेल तर ठिकाणही. चलन पनवेलच्या फाटकावर टिपले की ऑफिसात बसून, ते त्यावरून कळते. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून मात्र ही माहिती गळून पडते आणि फोटोही दाबला जातो. म्हणून ग्रुपवरून उतरवून घेतलेला फोटो नोंदीला जोडणे हा अधू पुरावा. ॲपच्या कॅमेऱ्यातून थेट जोडलेला बरा.

फाइल नंतर कोणी बदलली नाही हे दाखवायला ‘हॅश’ वापरतात. एसएचए-२५६ ही रीत कोणत्याही फाइलीवरून ६४ अक्षरांचा ठसा काढते. चलनातला एक आकडा बदलला तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्याच्या नमुन्यात असा हॅश लिहायला रकाना आहे. अपलोडच्या क्षणीच हॅश काढून नोंदीत ठेवला असेल तर तो रकाना भरण्यात अर्थ राहतो. वाद सुरू झाल्यावर काढलेला हॅश फक्त त्या दिवसापुरते सांगतो.

नोंद मंजूर झाल्यावर तिच्या फाइली काढण्याची मुभा एपीआयने देऊ नये. चुकीची पावती लागली असेल तर नवी जोडावी आणि जुनी रद्द म्हणून दिसत राहावी. वस्तू व सेवा कराचा कायदा हिशेबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायला सांगतो. प्रकरण अपिलात असेल तर ही मुदत किंवा अंतिम निकालानंतरचे एक वर्ष, यांपैकी जे नंतर संपेल तोपर्यंत ते ठेवावे लागतात.