बांध, बाकडे आणि बैठक : इंग्लंडमधल्या खेड्याचा कारभार

इंग्लंडमधल्या खेड्यात शिरले की बसथांब्याजवळ, चर्चच्या फाटकापाशी नाहीतर गावच्या सभागृहाच्या भिंतीवर काचेची झडप असलेला एक फलक हमखास दिसतो. त्यावर पॅरिश कौन्सिलच्या पुढच्या बैठकीची सूचना लावलेली असते. पायवाटेवरचे मोडलेले फाटक, कब्रस्तानाच्या भिंतीची डागडुजी, मुलांच्या झोपाळ्याची वार्षिक तपासणी, बर्फ पडल्यावर रस्त्यावर टाकायच्या मिठाची पेटी, कुत्र्यांची घाण, कुणाचा तरी घर वाढवण्याचा अर्ज असे विषय ओळीने लिहिलेले असतात. खाली क्लार्कची सही असते. बैठकीआधी पूर्ण तीन दिवस ही सूचना गावात लागलीच पाहिजे, असे कायदाच सांगतो.

यातला एकही विषय राष्ट्रीय वर्तमानपत्रात छापून येण्यासारखा नाही. तरीही इंग्लंडमधल्या सुमारे दहा हजार पॅरिश आणि टाउन कौन्सिलांमध्ये जवळपास एक लाख सदस्य असल्या विषयांवर संध्याकाळी खर्च करतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचा एक छदामही मिळत नाही. पगार असतो तो क्लार्कला, तोही बहुधा अर्धवेळ. इंग्लंडची लोकशाही वेस्टमिन्स्टरला पाहायला जाणारे खूप आहेत. या फलकापाशी थांबणारे थोडे. खरे तर थांबण्यासारखे इथेच जास्त आहे, कारण यातल्या एकेका क्षुल्लक विषयामागे शंभर-दीडशे वर्षांचे भांडण आहे.

पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या हद्दीतला मुलूख. ट्यूडर राजवटीपासून रस्त्यांची दुरुस्ती आणि गोरगरिबांचा सांभाळ ही कामे याच मुलखाच्या गळ्यात पडली, आणि त्यासाठी पट्टी गोळा करणारी सभा चर्चच्या आवारात भरू लागली. तिला ‘व्हेस्ट्री’ म्हणत. नावाला सभा गावाची. कारभार मात्र पाद्री, जमीनदार आणि बडे शेतकरी यांच्या हाती. शेतमजुराला तिथे आवाज नव्हता.

हा आवाज उठला तो वॉरिकशायरमध्ये. बारफर्ड गावचे जोसेफ आर्च कुंपणाची झाडे छाटण्यात वाकबगार आणि मेथडिस्ट पंथाचे हौशी प्रवचनकार. ७ फेब्रुवारी १८७२ रोजी शेजारच्या वेल्सबर्नमध्ये एका चेस्टनटच्या झाडाखाली त्यांनी शेतमजुरांची सभा घेतली आणि त्याच वर्षी मजुरांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १८८४ मध्ये खेड्यातल्या कष्टकरी पुरुषांना मोठ्या संख्येने मताधिकार मिळाला, आर्च स्वतः पार्लमेंटमध्ये पोहोचले, आणि ग्लॅडस्टन यांच्या शेवटच्या सरकारने १८९४ चा स्थानिक शासन कायदा केला. चर्च आणि गावकारभार यांची फारकत झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पॅरिश कौन्सिलांच्या पहिल्या निवडणुका झाल्या.

या कायद्यात बायकांना, विवाहित असोत की अविवाहित, मत देण्याचा आणि उभे राहण्याचाही हक्क होता. पार्लमेंटसाठी त्यांना मत मिळायला १९१८ उजाडावे लागले, हे लक्षात घेतले की या खेडवळ कायद्याचे मोल कळते. केंटमधल्या पेन्सहर्स्टच्या पॅरिश कौन्सिलवर गेलेल्या जेन एस्कोंब यांनी मजुरांच्या पडक्या, दमट घरांचा प्रश्न हातात घेतला आणि वरच्या कौन्सिलकडे इतका पिच्छा पुरवला की १९०० मध्ये तिथे सार्वजनिक पैशातून घरे उभी राहिली. ‘पायोनियर कॉटेजेस’ हे त्यांचे नाव.

मजुरांना मताइतकीच हवी होती ती मूठभर जमीन. १६०४ पासून पुढच्या तीन शतकांत गायराने आणि सामाईक शिवारे कुंपणात घालण्यासाठी पार्लमेंटने पाच हजारांहून अधिक कायदे केले. ज्याच्या गाईला काल चरायला जागा होती, त्याला आज परसात कोबी लावायलाही जागा उरली नाही. म्हणून पॅरिश कौन्सिलांच्या सुरुवातीच्या कामांत ‘अलॉटमेंट’, म्हणजे भाजीपाल्यासाठी भाड्याने द्यायचे वाफे, इतके ठळक दिसतात. १९०८ च्या कायद्याने तर अशा मागणीचा विचार करणे कौन्सिलला बंधनकारक केले. सहा मतदारांनी लेखी मागणी केली तरी पुरे. या वाफ्याचे जुने माप दहा रॉड, म्हणजे साधारण अडीचशे चौरस मीटर, अजूनही चालते. आज तिथे बटाटे आणि वाल लावणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला आर्च यांचे नाव ठाऊक असेलच असे नाही, पण तिच्या वाफ्याची मुळे त्या चेस्टनटपर्यंत जातात.

कुंपणे पडण्यापूर्वीचे गाव कसे होते, हे पाहायचे असेल तर नॉटिंगहॅमशायरमधल्या लॅक्स्टनला जावे. तिथे मध्ययुगीन पद्धतीची सामाईक शिवारे आजही कसली जातात. वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड अशी तीन मोठी शिवारे, आत कुंपण नाही, आणि प्रत्येक शेतकऱ्याच्या पट्ट्या तिन्हींत विखुरलेल्या. एका शिवारात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे पीक, तिसरे पड. दरवर्षी हा फेरा एक घर पुढे सरकतो. १६३५ मध्ये मार्क पीअर्स यांनी काढलेला या गावाचा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.

पट्टीला पट्टी लागून आली की जे व्हायचे ते तिथेही होते. माणसे बांध कोरतात. त्यावर लॅक्स्टनचा उपाय असा : नोव्हेंबरच्या अखेरीस एका गुरुवारी गावातले बारा पंच पेरणी झालेल्या शिवारात उतरतात. कुणाचा नांगर गाडीवाटेत किंवा सामाईक गवताच्या पट्ट्यात घुसला आहे का, हे पावलांनी पाहतात, हद्दीवर खुंट्या ठोकतात आणि चुकलेल्यांची नावे टिपून घेतात. आठवड्याभराने ‘कोर्ट लीट’ हे जमीनदारी काळापासूनचे गावन्यायालय गावच्या डव्हकोट इन या पबमध्ये बसते आणि दंड ठरवते. रक्कम किरकोळ असते. पण शेजाऱ्यांसमोर नाव वाचले जाणे किरकोळ नसते. १९७७ च्या कायद्याने देशभरातल्या अशा जुन्या न्यायालयांचे खटले चालवण्याचे अधिकार काढून घेतले, तेव्हा लॅक्स्टनला मुद्दाम वगळले. १९५२ मध्ये सरकारच्या शेती खात्याने ही जमीन विकत घेतली, १९८१ मध्ये ती क्राउन इस्टेटकडे गेली, २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटकडे. मालक बदलत गेले, तरी पंचांची फेरी सुरू राहिली.

अशा गावांचा अभ्यास आणि आपला मुलूख यांचा एक जुना धागा आहे. व्हॉइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य म्हणून काम केलेले हेन्री मेन भारतातून परतले आणि १८७१ मध्ये त्यांनी पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या ग्रामसमूहांवर ग्रंथ लिहिला. इंग्लंडमधली जुनी सामाईक शेते समजून घ्यायला त्यांना भारतीय गावांचा आधार घ्यावासा वाटला. त्यांचे पुष्कळ निष्कर्ष पुढे अभ्यासकांनी खोडून काढले. तरी बांधाचे भांडण दोन्हीकडे सारखेच, हे लॅक्स्टनची फेरी पाहणाऱ्या कुठल्याही मराठी शेतकऱ्याला पटेल.

पायवाटांचेही तसेच. इंग्लंडमध्ये खासगी शेतातून जाणाऱ्या हजारो सार्वजनिक वाटा आहेत, आणि त्या अधिकृत नकाशावर आल्या त्या १९४९ च्या राष्ट्रीय उद्याने कायद्यामुळे. कोणती वाट पूर्वापार चालू आहे, हे लंडनमधल्या अधिकाऱ्याला कसे कळणार? म्हणून वाटांच्या पाहणीचे काम पॅरिशांवर सोपवले गेले. गावोगावची माणसे वाटा चालली, फाटके-पायऱ्या मोजल्या आणि तक्ते भरून पाठवले. फलकावरच्या मोडक्या फाटकाची तक्रार इतकी गंभीरपणे का घेतली जाते, ते यावरून समजावे. वाट बंद पडली की हक्कही विसरला जातो.

पॅरिश कौन्सिलचे अधिकार मात्र तोकडे आहेत, हे स्पष्ट सांगायला हवे. शाळा, मोठे रस्ते, समाजकल्याण हे सगळे वरच्या कौन्सिलांकडे. नवीन घरबांधणीच्या अर्जावर पॅरिशचे मत मागवतात, निर्णय दुसरेच घेतात. हाती उरतात ती बाकडी, बसथांब्याचे छप्पर, गावचे घड्याळ, काही दिवे, मैदान, कब्रस्तान, सभागृह. पण त्यासाठी लागणारा पैसा कौन्सिल स्वतः ठरवते. ‘प्रिसेप्ट’ नावाची ही रक्कम जिल्ह्याच्या कौन्सिल टॅक्ससोबत गोळा होते आणि घरी येणाऱ्या बिलावर तिचा आकडा वेगळा छापलेला असतो. आपल्या खिशातून गावासाठी किती गेले, ते प्रत्येकाला दिसते. या लेखकाच्या मते या संस्थेची खरी ताकद त्या एका वेगळ्या आकड्यात आहे.

दुखणे आहे ते माणसांचे. पुष्कळ गावांत जागांइतकेही उमेदवार पुढे येत नाहीत. निवडणूक बिनविरोध होते आणि रिकाम्या खुर्च्या स्वीकृत सदस्यांनी भरल्या जातात. तीच ती माणसे वर्षानुवर्षे राहिली की रुसवेफुगवेही मुरतात. चेशायरमधल्या हँडफर्थ कौन्सिलच्या डिसेंबर २०२० मधल्या ऑनलाइन बैठकीतला कलह फेब्रुवारी २०२१ मध्ये जगभर पाहिला गेला. लोक हसले, पण त्या निमित्ताने पॅरिश कौन्सिल नावाची गोष्ट कित्येक ब्रिटिशांना पहिल्यांदाच कळली.

दरम्यान, खेड्यातून एकेक सोय निघून चालली आहे : बँकेची शाखा, पोस्ट, बस, दुकान, पब. यावर गावांनी काढलेली वाट सहकाराची आहे. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केटमध्ये ओल्ड क्राउन हा एकमेव पब २००३ मध्ये शंभराहून अधिक लोकांनी भाग घेऊन विकत घेतला. आयरिश सहकारमहर्षी होरेस प्लंकेट यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेली संस्था आज गावांना दुकाने आणि पब असे चालवायला मदत करते. एक सभासद, एक मत हा नियम महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. २०११ च्या लोकलिझम कायद्याने गावाच्या मोलाच्या जागा नोंदवण्याची सोय केली. अशी जागा विक्रीला निघाली तर पैसे उभे करायला गावाला सहा महिन्यांपर्यंत अवधी मागता येतो. सॉमरसेटमधल्या वेस्टबरी-सब-मेंडिपची फिरती ग्रंथालयगाडी बंद झाली, तेव्हा २००९ मध्ये पॅरिश कौन्सिलने गावातली लाल टेलिफोन पेटी एका पौंडाला घेतली आणि गावकऱ्यांनी तिच्यात पुस्तके मांडली. एक न्या, एक ठेवा. दिवसरात्र उघडे.

ब्रिटनमध्ये हजारो मराठी कुटुंबे राहतात. शहरांच्या कडेची खेडी आता त्यांच्याही पत्त्यात येऊ लागली आहेत. राहण्याचा रीतसर परवाना असलेल्या भारतीय नागरिकाला, राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून, तिथल्या निवडणुकांत मतदानाचा हक्क आहे, आणि कायम वास्तव्याची परवानगी मिळाली की उमेदवारीचाही. पण मतदारयादीत नाव आपणहून नोंदवावे लागते. ज्यांनी अजून नोंदवले नसेल, त्यांनी ते या दिवाळीत नोंदवावे, आणि गावच्या त्या फलकापाशी एकदा थांबावे. १९६० च्या कायद्याने, जो मार्गारेट थॅचर यांनी नव्या खासदार असताना खासगी विधेयक म्हणून मांडला होता, कौन्सिलच्या बैठकीचे दार सर्वांना उघडे आहे. पुढच्या बैठकीची तारीख फलकावर लिहिलेली असते.