पोटातला जंतू आणि अर्धवट गोळ्या

पोटात अल्सर झाला की आपण तिखटाला नाहीतर काळजीला दोष देतो. पण 1982 साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनी जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू वाढवून दाखवला. 2005 साली दोघांना नोबेल मिळाले.

पुढे हा जंतू औषधांना दाद देईना. 2017 साली जागतिक आरोग्य संघटनेने, क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणाऱ्या या जंतूवर नवी औषधे शोधा, असे बजावले. चीनमध्ये दोन औषधांचे गुण एकाच रेणूत जोडून रिफासुटेनिझोल तयार झाले. त्याच्या रुग्णांवर चाचण्याही झाल्या. पण नवे औषध यायला वर्षे लागतात.

म्हणून माताभगिनींना आम्ही सांगतो, मेडिकलवाल्याला विचारून गोळ्या घेऊ नका. बरे वाटले तरी डॉक्टरांनी दिलेला कोर्स पुरा करा. अर्ध्यावर सोडलात, तर उरलेले चिवट जंतूच वाढतात.