नेता घडतो कसा? पौडच्या टेकडीवरचा धडा

'नेतृत्व' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? चौकातला फ्लेक्स, त्यावर गॉगल लावलेले कुणीतरी 'भावी' आणि खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग! शाळेतही फार वेगळं नसतं. सर एकाला मॉनिटर करतात आणि त्याचं काम काय, तर बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची. यातून पोरगं चुगली करायला शिकतं, माणसं सांभाळायला नाही. मग हा गुण मुलांमध्ये येतो तरी कसा?

उत्तर शोधायला फार लांब जायला नको. चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट मागे टाकत मुळशी तालुक्याच्या गावी, म्हणजे पौडला जा. तिथून जवळच खुबवलीच्या टेकडीवर महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. १९९७ साली सुरू झालेल्या या कॉलेजात देशोदेशीची साधारण १६ ते १९ वर्षांची मुलंमुली दोन वर्षं एकत्र राहून इंटरनॅशनल बॅकलॉरिएट डिप्लोमाचा अभ्यास करतात. या डिप्लोमात एक गंमत आहे. अभ्यासाबरोबर काहीतरी नवं घडवणं, शरीर कामाला लावणं आणि सेवा, असे तीन भाग प्रत्येकाला करावे लागतात. त्याला मार्क नाहीत, पण ते पुरे केल्याशिवाय डिप्लोमाही नाही! शिवाय नुसतं करून भागत नाही. केलेल्या कामातून काय शिकलो याचा विचार करून नोंद ठेवावी लागते.

ही कल्पना आली कुठून? कुर्ट हान नावाच्या जर्मन शिक्षकाला हिटलरला विरोध केल्याबद्दल १९३३ साली अटक झाली. सुटल्यावर तो ब्रिटनला गेला. त्याचं म्हणणं असं, की तरुण मुलांवर खरी जबाबदारी टाकली की ती तिला पुरी पडतात. त्याच्या विचारांतून १९६२ साली वेल्सच्या समुद्रकिनारी अटलांटिक कॉलेज निघालं आणि त्यातूनच पुढे युनायटेड वर्ल्ड कॉलेजची साखळी तयार झाली.

आता आपल्या इंजिनिअरांच्या कामाची गोष्ट! अटलांटिक कॉलेजची मुलं समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवण्याचं काम करत. हवा भरलेल्या रबरी बोटी हलक्या होत्या, पण लाटांवर नीट चालत नसत. तेव्हा मुख्याध्यापक डेस्मंड होर आणि विद्यार्थी यांनी कॉलेजच्याच वर्कशॉपमध्ये कडक तळ आणि कडेला हवेच्या नळ्या अशी बोट प्रयोग करत करत तयार केली. आज जगभर बचावकार्यात दिसणाऱ्या 'रिब' बोटींचं मूळ तिथलं. होर यांनी १९७३ साली तिचं पेटंट ब्रिटनच्या लाइफबोट संस्थेला फक्त १ पौंडात दिलं. त्या मुलांना 'लीडरशिप'वर लेक्चर कुणी दिलं होतं का? बाहेर समुद्रात माणूस आहे आणि आपली बोट चालली पाहिजे, एवढं त्यांना पुरलं.

कुणी म्हणेल, हे परदेशी थाट आपल्याला कसे जमायचे? पण त्याच १९६२ साली पुण्यात डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. तिथल्या संध्याकाळच्या दलांवर थोडी मोठी मुलं दादा-ताई होऊन लहानांचे गट घेतात. खर्च काय? मैदान आणि विश्वास!

बीमवर भार टाकल्याशिवाय त्याची ताकद कळत नाही. मुलांचंही तसंच आहे, फक्त भार हळूहळू वाढवायचा. सुरक्षिततेची आणि पैशाची मर्यादा मोठ्यांनी आधी आखून द्यावी आणि मग बाजूला व्हावं. काम पूर्ण सोपवावं, हिशोबासकट. काम झाल्यावर एकत्र बसून तीनच प्रश्न विचारावेत: काय ठरवलं होतं, काय झालं, पुढच्या वेळी काय बदलू? हाच आपला फीडबॅक लूप. आणि प्रमुख दर वेळी बदलावा. नाहीतर भाषण कायम धीट मुलाचं आणि पाणी देण्याचं काम कायम मुलींचं, हे आपण पाहतोच.

आता जरा आपल्याकडे बघू. एन.एस.एस.च्या शिबिराला आपण गावात जातो. खड्डे आपण खणतो, पथनाट्य आपण करतो, शाळेतली पोरं टाळ्या वाजवतात. सात दिवसांनी आपण फोटो घेऊन परत आणि गाव होतं तसंच! त्याऐवजी सहावी-सातवीच्या मुलांना एक काम देऊन पाहा. गावातले गळके नळ शोधायचे, १ लिटरची बाटली आणि घड्याळ घेऊन मोजायचं. २० मिनिटांत बाटली भरली तर दिवसाला ७२ लिटर पाणी वाया! हा हिशोब त्यांनीच सरपंचांसमोर मांडायचा. आपण मागे उभं राहायचं, तोंड बंद ठेवून. हे सगळ्यात अवघड काम!

टेकडीवरच्या कॉलेजात मोजक्याच मुलांना जागा मिळते. पण खाली जिल्हा परिषदेच्या शाळेत बसलेल्या पोरीलाही 'हे तू कर, मी आहे' असं म्हणायला कुठली फी लागते? वसतिगृहातल्या दादा-तायांनो आणि घरी मुलं असलेल्या सर-मॅडमनो, तेवढं एक वाक्य आपल्याला नक्की परवडेल!