ऑनर्सचे चौथे वर्ष कोणाच्या वाट्याला?

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात, पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने भारतातील जातींवर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. तो विद्यार्थी म्हणजे बाबासाहेब. जयंतीच्या भाषणांत आपण त्यांच्या पदव्या मोजतो. विद्यार्थीदशेत स्वतःचे संशोधन मांडण्याची ती संधी मात्र कोणी मोजत नाही.

आज हा विषय काढण्याचे कारण चार वर्षांची ऑनर्स पदवी. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत ती २०२४-२५ पासून लागू झाली. त्या वर्षी अमरावती-अकोल्यात बी.ए., बी.एस्सी.ला प्रवेश घेतलेल्या मुलामुलींचे चौथे वर्ष २०२७-२८ मध्ये येते. तिसऱ्या वर्षानंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते. घरी मजुरीवर पोट असेल तर पोरगा बाहेरच पडणार! पण संशोधनासह ऑनर्स करायचे तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. म्हणजे हिशेब पहिल्या परीक्षेपासूनच सुरू होतो. आपल्या किती मुलांना हे पहिल्या सत्रात सांगितले जाते? तिसऱ्या वर्षी कळून काय उपयोग?

गुणांचे एकवेळ जमेल. खरी मेख पुढे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमानुसार यासाठी विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम प्राध्यापक लागतात. तालुक्याच्या ज्या महाविद्यालयांचा गाडा तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांनी ओढला आहे, त्यांनी हे दोघे आणायचे कोठून? ते तासिकेवाले कितीही विद्वान असोत, या मोजणीत धरले जात नाहीत. जागा भरायच्या नाहीत आणि गुणवत्तेची अट घालायची, हा न्याय कुठला? मग हुशार मुलीनेही चौथ्या वर्षासाठी शहर गाठायचे; खोलीभाडे आले, मेस आली. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आपल्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे खरी, पण हप्ता वेळेवर पडला तरच तिचा आधार.

संशोधनाला विषय मात्र वऱ्हाडात पायाशी पडले आहेत. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा घ्या. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणीच खारे. गावात गोड्या पाण्याचा नळ आधी कोणत्या वस्तीत आला आणि शेवटी कोणत्या, हे त्या पाण्यावर वाढलेल्या मुलीइतके नेमके कोण मांडील? २००६ पासून राज्यातील विद्यापीठांची 'आविष्कार' संशोधन स्पर्धा भरते. तिथे पदवीच्या विद्यार्थ्यांनाही आपले काम मांडता येते. तिथपर्यंत आपली मुले पोचली पाहिजेत.

कोणत्या महाविद्यालयात कोणत्या विषयाचे चौथे वर्ष संशोधनासह होणार, याची यादी संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाने पहिल्या वर्षाच्या प्रवेशाआधीच जाहीर करावी, ही मागणी विद्यार्थी संघटनांनी लावून धरावी. ज्या विहारांत अभ्यासिका चालते, तिथे ती बारावीच्या निकालाच्या दिवशीच भिंतीवर लावता येईल.