तळाच्या स्टिकरवरचा आकडा

डिसेंबर २००२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिंक्सिस कंपनीने एक निळा-काळा डबा बाजारात आणला. मागे दोन अँटेना, पुढे लुकलुकणाऱ्या दिव्यांची रांग आणि नाव डब्ल्यूआरटी५४जी. पुढची काही वर्षे घरगुती वाय-फाय म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर हाच डबा येई. त्याचे नाव आणि रूप तेच राहिले. आत मात्र डझनाहून जास्त आवृत्त्या येऊन गेल्या. प्रोसेसर बदलला, मेमरी घटली, एकदा तर ऑपरेटिंग सिस्टीमच बदलली. तरी 'डब्ल्यूआरटी५४जी चांगला' हा सल्ला होता तसाच एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिला. २००५ नंतर त्या सल्ल्याला फारसा अर्थ उरला नव्हता. घरगुती राउटरांच्या गेल्या वीस-बावीस वर्षांचा मागोवा घेतला तर हेच पुन्हा पुन्हा दिसते. राउटरचा भरवसा मॉडेलच्या नावावर ठरत नाही. तो हार्डवेअरची आवृत्ती आणि तिच्यावर चालणारे फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच बसवलेले सॉफ्टवेअर, या जोडीवर ठरतो, आणि बाजाराने ही जोडीच गिऱ्हाइकाच्या नजरेआड ठेवली.

पहिल्या आवृत्तीपासून चौथीपर्यंत या राउटरमध्ये ४ एमबी फ्लॅश आणि १६ एमबी रॅम होती. फ्लॅशमध्ये फर्मवेअर मुक्कामाला असते, रॅममध्ये ते काम करते. हे फर्मवेअर लिनक्सवर उभे आहे, हे २००३ मध्ये जाणकारांच्या ध्यानात आले. लिनक्सच्या परवान्यानुसार मूळ कोड खुला करा, अशी मागणी झाली. कंपनी तोवर सिस्कोच्या पंखाखाली चालली होती. तिने कोड खुला केला. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्प सुरू झाला, आणि डीडी-डब्ल्यूआरटी, टोमॅटो ही फर्मवेअरही त्याच कोडच्या पोटातून निघाली. मग २००५ च्या अखेरीस पाचवी आवृत्ती आली. लिनक्स काढून तिथे व्हीएक्सवर्क्स हे दुसरे ऑपरेटिंग सिस्टीमचे सॉफ्टवेअर बसवले गेले. ते कमी जागेत मावत असल्याने फ्लॅश २ एमबीवर आणि रॅम ८ एमबीवर आली. लाखांनी खपणाऱ्या वस्तूत मेमरी निम्मी होणे म्हणजे मोठी बचत. पण सुरुवातीचे फर्मवेअर कच्चे निघाले. राउटर अडकतो, मध्येच रीस्टार्ट होतो, अशा तक्रारींचा ओघ लागला. माहीतगार गिऱ्हाइके दुकानात खोक्यावरच्या सिरियल नंबरची पहिली चार अक्षरे तपासू लागली. सीडीएफए म्हणजे चौथी आवृत्ती, सीडीएफबी म्हणजे पाचवी. एकाच फळीवर, एकाच नावाने दोन वेगळी यंत्रे उभी होती, आणि त्यांतला फरक सांगायला एवढे एकच अक्षर होते.

यावरून व्हीएक्सवर्क्सलाच दोष द्यावा, असे कोणालाही वाटेल. ते बरोबर ठरणार नाही. जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरलेले नासाचे स्पिरिट रोव्हर याच व्हीएक्सवर्क्सवर चालत होते. उतरल्यावर अठराव्या मंगळ-दिवशी त्याने पृथ्वीशी नीट बोलणे सोडले आणि ते पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होऊ लागले. कारण कळले तेव्हा ते अगदी घरगुती राउटरला शोभेल असे होते. फ्लॅशमध्ये फाइली फार साचल्या होत्या आणि त्यांची यादी सांभाळायला रॅम पुरत नव्हती. अभियंत्यांनी फ्लॅशला हात न लावता रोव्हर सुरू करण्याचा हुकूम पाठवला, जुन्या फाइली पुसल्या आणि रोव्हर पुढे कित्येक वर्षे चालले. जगातले सर्वांत काळजीपूर्वक बनवलेले यंत्रही मेमरीच्या तंगीने कोलमडू शकते. ते पुन्हा उभे राहिले, कारण त्यात नेमके काय आहे हे दुरुस्त करणाऱ्यांना ठाऊक होते आणि दुरुस्त करण्याची जबाबदारीही त्यांनी सोडली नव्हती. दिवाणखान्यातल्या राउटरच्या वाट्याला बहुतेक वेळा यांतले काहीच येत नाही.

उलट बाजूचा पुरावाही तेवढाच बोलका आहे. जुन्या, भरपूर मेमरीच्या लिनक्स आवृत्त्याही बिनतक्रार चालत होत्या असे नाही. राउटर घरातल्या प्रत्येक जोडणीची नोंद एका तक्त्यात ठेवतो. त्या काळच्या लिनक्समध्ये प्रस्थापित जोडणीची नोंद, तिच्यावर काही हालचाल नसली तरी, पाच दिवस ठेवण्याचा रिवाज होता. संगणकाला ते चालून जाई. पण टॉरेंट वापरणाऱ्याच्या राउटरमध्ये शेकडो मेलेल्या जोडण्या तक्त्यात जागा अडवून बसत. तक्ता भरला की नव्या जोडणीला जागाच नाही. मग नेट जाई, घरचा कोणीतरी प्लग काढून पुन्हा लावी, तक्ता रिकामा होई आणि सगळे ठीक झाल्यासारखे वाटे. बाहेरच्या फर्मवेअरांनी हा मुदतीचा आकडा खाली आणायची सोय दिली, आणि तोच डबा, त्याच चिपवर, आठवडेच्या आठवडे न अडखळता चालू लागला. म्हणजे हार्डवेअर चांगले असून फर्मवेअरने घात केला. पाचव्या आवृत्तीत हार्डवेअर तोकडे पडले, आणि पुढच्या फर्मवेअरांनी परिस्थिती सुधारली तरी ८ एमबीचे १६ एमबी कोणाला करता आले नाहीत.

यावर कंपन्यांच्या बाजूने पहिला आक्षेप येतो तो सुट्या भागांचा. चिप बनवणारा ती बंद करतो, दुसरी स्वस्त आणि चांगली मिळते. मग दर वेळी नवे नाव द्यायचे का? आवृत्त्या बदलणारच, हे मान्य. तक्रार बदलाची नाही, बदल नावाखाली झाकण्याची आहे. आणि नाव बदलता येत नव्हते हे म्हणणे खुद्द लिंक्सिसनेच खोटे पाडले. पाचव्या आवृत्तीवर ओरड झाली तेव्हा कंपनीने चौथ्या आवृत्तीचेच जुने हार्डवेअर डब्ल्यूआरटी५४जीएल या नव्या नावाने विकायला काढले. शेवटचे एल लिनक्ससाठी. जुन्या यंत्राला नवे नाव देता आले, पण नव्या यंत्राला जुनेच नाव ठेवले गेले. कारण उघड आहे: जुन्या नावाची पुण्याई नव्या डब्याला मिळत होती. दुसरा आक्षेप स्वस्ताईचा आहे, आणि त्यात तथ्य आहे. मेमरी कापली म्हणूनच राउटर मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आला. पण कापलेल्या मेमरीची किंमत नाहीशी झाली नाही, पुढे ढकलली गेली. काही वर्षांनी नवे फर्मवेअर त्या जागेत मावेना तेव्हा ती गिऱ्हाइकाने भरली.

याचे आपल्याकडचे उदाहरण टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूआर८४१एनचे. भारतात असंख्य घरांत पोचलेल्या या राउटरच्या चौदा आवृत्त्या झाल्या. तेराव्या आवृत्तीत ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम होती. चौदावीत ती पुन्हा ४ आणि ३२ वर आली. नंतरचे ते सुधारलेले, या आपल्या समजाला हा आकडा सरळ छेद देतो. ओपनडब्ल्यूआरटीची १९.०७ ही ४ आणि ३२ एमबीच्या यंत्रांना सांभाळून घेणारी शेवटची मालिका ठरली. म्हणजे एकाच नावाच्या दोन राउटरांपैकी जुना पुढे टिकू शकतो आणि नवा बाद होतो. कंपनीच्या संकेतस्थळावरही फर्मवेअर उतरवून घेण्याआधी आवृत्ती निवडावी लागते. आवृत्ती चुकली, तर राउटर ब्रिक होण्याची, म्हणजे निव्वळ वीट होऊन बसण्याची, धास्ती असते. जो आकडा दुरुस्तीच्या वेळी इतका महत्त्वाचा, तो विकतेवेळी मोठ्या अक्षरांत का नसावा?

'सामान्य माणसाला याच्याशी काय करायचे? नेट चालले की झाले,' हा तिसरा आक्षेप. एके काळी तो पटण्याजोगा होता, आता नाही. मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या घुसखोर प्रोग्रॅमने किमान पाच लाख राउटर आणि साठवणीची यंत्रे ताब्यात घेतल्याचे सिस्कोच्या संशोधकांनी उघड केले. अमेरिकेच्या एफबीआयला लोकांना राउटर रीस्टार्ट करा, असे आवाहन करावे लागले. मे २०२५ मध्ये त्याच एफबीआयने आधार संपलेल्या जुन्या राउटरांची यादी देऊन ते बदलण्याचा इशारा दिला. त्या यादीत लिंक्सिसचीच अनेक मॉडेले होती. अशा यंत्रांत नेट व्यवस्थित चालू असते; बिघाड मालकाला दिसत नाही, कारण त्याच्या जोडणीआडून दुसराच कोणी वावरत असतो. सुरक्षेची दुरुस्ती आवृत्तीनुसार येते आणि आवृत्तीनुसार बंदही होते. म्हणून आवृत्ती हा केवळ हौशी लोकांचा विषय राहिलेला नाही.

कायदा उशिरा का होईना जागा झाला आहे. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून अशा यंत्रांना सुरक्षा-दुरुस्ती किती काळ मिळेल, ते उत्पादकाला जाहीर करावे लागते. युरोपीय संघाच्या कायद्यातली मुख्य बंधने डिसेंबर २०२७ पासून लागू होतील, आणि त्यात दुरुस्तीचा आधार साधारणपणे किमान पाच वर्षांचा धरला आहे. २०२४ च्या अखेरीस ओपनडब्ल्यूआरटीने स्वतःचा राउटर आणला. त्यात दोन वेगळ्या फ्लॅश मेमरी आणि एक खटका आहे. फर्मवेअर बिघडले तर खटका फिरवून दुसऱ्या मेमरीतून यंत्र सुरू करता येते. वीस वर्षांपूर्वी ज्यांना सिरियल नंबरची अक्षरे शोधावी लागली, त्यांच्याच परंपरेने दिलेले हे उत्तर आहे. तरीही मुदत मॉडेलच्या नावाला चिकटवली आणि आत यंत्र बदलत राहिले, तर पुन्हा तोच घोळ होईल. मुदत आवृत्तीला बांधलेली हवी, आणि आवृत्ती खोक्याच्या दर्शनी भागावर छापलेली हवी.

ते होईपर्यंत एक काम आपल्या हातात आहे. घरातला राउटर उलटा करा. तळाच्या स्टिकरवर बारीक अक्षरांत आवृत्तीचा आकडा असेल. तो लिहून ठेवा, त्या आवृत्तीचे शेवटचे फर्मवेअर कधी आले ते कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा, आणि पुढचा राउटर घेताना दुकानदाराला नावाच्या आधी हा आकडा विचारा.